अवतार की साधक? ‘अल्टिमा ४’ची नैतिक संरचना

आधीच्या खंडांनी वाचकाच्या मनात रुजवलेले संकेत पुढच्या खंडाने मोडावेत, हे कादंबरीमालिकांच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४ : क्वेस्ट ऑफ द अवतार’ हा १९८५ साली ओरिजिन सिस्टिम्सने प्रसिद्ध केलेला संगणकीय भूमिकाखेळ या प्रकारात मोडतो. अशा खेळाला ‘संहिता’ म्हणावे काय, हा वाद येथे बाजूस ठेवता येईल. ज्या रचनेत अर्थ हा निवडीतून घडतो, ती समीक्षेच्या कक्षेत येते एवढे मान्य केले की पुरे.

१९८१ ते १९८३ या काळातील पहिल्या तीन खेळांचा आकृतिबंध अद्भुतकथेचा होता : एक दुष्ट शक्ती, तिच्या नाशासाठी निघालेला वीर आणि वाटेतील युद्धे. मॉनडेन, मिनॅक्स, एक्झोडस अशी खलशक्तीची नावे तेवढी बदलत गेली. या विश्वात वीराला दुकानात चोरी करता येई, निरपराध नगरजनांना मारता येई. त्याच्या वीरपणाला त्याने बाधा येत नसे. साध्य उदात्त असल्याने साधनांचा विचार संहितेनेच अनावश्यक ठरवला होता. चौथ्या खेळाने खलनायकच काढून टाकला. येथे मारावयाचे असे कोणी नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि विनय हे आठ गुण अंगी बाणवून ‘अवतार’ व्हावयाचे आहे. संघर्षाचे स्थान कथानकातून खेळणाऱ्याच्या आचरणात सरकले, हे या कृतीचे खरे वेगळेपण होय.

आरंभच याची साक्ष देतो. बळ, चापल्य असे आकडे निवडण्याऐवजी खेळणाऱ्यासमोर सात नैतिक पेच ठेवले जातात. प्रत्येकात दोन गुणांची टक्कर असते आणि कोणताही एक निवडला तरी दुसऱ्याचा अव्हेर होतो. उत्तरांतून त्याची भूमिका ठरते. विनयाला सर्वांत वरचढ ठरवणाऱ्याच्या वाट्याला मेंढपाळाची दुबळी भूमिका येते आणि गर्वापायी उद्ध्वस्त झालेली मॅजिन्सिया ही त्याची नगरी ठरते. संहितेतील ही सर्वांत निर्दय, आणि म्हणूनच सर्वांत प्रामाणिक, योजना म्हणावी लागेल.

मात्र गुण मोजावयाचे कसे, या प्रश्नापाशी रचनेची खरी कसोटी लागते. प्रत्येक गुणाचा हिशेब यंत्र आकड्यांत ठेवते. परंतु ते आकडे पडद्यावर दाखवत नाही. राजवाड्यातील हॉकविंड हा द्रष्टा विचारल्यावर शब्दांत तेवढे सुचवतो. चित्रगुप्ताची वही आहे, पण ती उघडून पाहण्याची सोय नाही. याचा उत्तम आविष्कार म्हणजे वनौषधी विकणारी अंध स्त्री. ती किंमत सांगते. नाणी किती टाकायची हे गिऱ्हाइकाने ठरवायचे. एका नाण्यात सगळी खरेदी उरकता येते, ती काहीच म्हणत नाही, व्यवहार पुरा होतो. फसवणुकीचे फळ फार पुढे, मंदिरात ध्यानाला बसल्यावर कळते. कृती आणि परिणाम यांच्यातील हे अंतर कथनदृष्ट्या मोलाचे आहे. ते नसते तर नीती ही केवळ बक्षिसाची युक्ती उरली असती.

तरीही ती तशी अंशतः उरतेच. भिकाऱ्याला नाणे दिले की करुणा वाढते, हे एकदा उमगल्यावर खेळणारा भिकारी शोधत हिंडतो. फलाशेने केलेले दान आणि सहज दान यांत यंत्राला भेद करता येत नाही. शिवाय दानासाठी लागणारे धन बहुतांशी राक्षसांच्या वधातूनच मिळवावे लागते. साप-उंदरांसारखे दुष्ट नसलेले प्राणी पळू लागले तर त्यांना जाऊ द्यावे, असा सूक्ष्म विवेक संहिता दाखवते. पण जुन्या अद्भुतकथेचे अर्थकारण तिला मोडता आलेले नाही.

‘अवतार’ ही संज्ञा गॅरियट यांनी हिंदू परंपरेतून उचलली. मूळ अर्थ खाली उतरण्याचा. ईश्वर मर्त्यलोकी येतो. येथे दिशा उलटी आहे : सामान्य मनुष्य पायरी पायरीने वर चढतो. दशावतारी खेळ पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला हा विपर्यास लगेच जाणवेल. मंत्र, ध्यान, मंदिरे आणि कालांतराने पूर्णत्व असा हा मार्ग साधकाचा आहे, अवताराचा नव्हे. विशेष असे की पाश्चात्त्य शूरकथेला साधकाची कल्पना हवी होती आणि तिला शब्द मात्र देवाचा सापडला. या गल्लतीमुळेच पूर्णत्व हे येथे एक पद बनते, जे मिळवता येते आणि एका दुष्कृत्याने गमावताही येते.

पुढील दोन खेळांनी हे पदच संशयास्पद ठरवले. १९८८ च्या पाचव्या खेळात ब्लॅकथॉर्न हा सत्ताधीश त्याच आठ गुणांचे कायदे करतो. सक्तीचा दानधर्म आणि असत्याला क्रूर शिक्षा यांतून जुलूम उभा राहतो. १९९० च्या सहाव्यात गार्गॉइल जमातीच्या दृष्टीने अवतार हाच खोटा प्रेषित असतो आणि ज्या ज्ञानग्रंथापाशी चौथ्या खेळाची साधना संपली, तो त्यांच्याकडून हिरावलेला असतो.