सामाईक आणि सामायिक

भूमितीत दोन त्रिकोणांना एकच बाजू असली की ती ‘सामाईक बाजू’. उताऱ्यावर दोन भावांची नावे एकत्र असली की जमीन सामाईक. दोन घरांमधली भिंतही सामाईक. आणि बस्तीत किंवा देवघरापुढे आसन घालून आपण करतो ते सामायिक. बोलताना दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात, वाटणीच्या कागदांत तर पहिलाही सर्रास ‘सामायिक’ असाच लिहितात. अर्थ मात्र जवळजवळ उलटे. एकात सगळ्यांचा वाटा, दुसऱ्यात आपण एकट्याच.

धर्मातल्या शब्दाची फोड दोन तऱ्हांनी करतात. ‘सम’ आणि ‘आय’, म्हणजे समभावाची प्राप्ती. किंवा ‘समय’ म्हणजे आत्मा, त्यात स्थिर होणे ते सामायिक. कुंदकुंदाचार्यांच्या ‘समयसार’मधला समय तो हाच. घड्याळाशी त्याचा संबंध नाही.

आपल्याकडे वाटल्या जाणाऱ्या पुस्तिकांशी माझे भांडण इथेच आहे. सामायिक म्हणजे दोन घटका, ४८ मिनिटे बसून जप करणे, एवढे सांगून त्या मोकळ्या होतात. अहो, हे झाले माप. अर्थ कुठे आहे?

तत्त्वार्थसूत्रात हा शब्द दोन ठिकाणी येतो. सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांमध्ये आणि नवव्यात मुनींच्या चारित्रामध्ये. मुनींना जे सदाचे, ते श्रावकाला ठरल्या वेळेपुरते. समंतभद्राचार्यांनी ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त हे नाते फार सुरेख सांगितले आहे. सामायिकात बसलेला गृहस्थ कसा, तर अंगावर कुणी वस्त्र टाकलेल्या मुनीसारखा! वस्त्र आहे, पण ते त्याचे नाही. गृहस्थ म्हणताना त्यात श्राविकाही आली, असेच मी वाचते. नेसत्या लुगड्यानिशी, संसार न सोडता, दोन घटका एवढी उंची लाभते. ही ओळ पुस्तिकांनी का गाळावी?

बाईचे घरात सगळेच सामाईक असते. स्वयंपाकघर, कपाट, दुपार, झोपसुद्धा. तिला तिचे असे काही देणारा हा एकच शब्द, आणि त्याचाच अर्थ आपण मिनिटांत मोजून टाकला. नुसते माप ठाऊक असले की बाई डोळे मिटून कुकरच्या शिट्ट्या मोजते. अर्थ ठाऊक असला तर शिट्टी झाली तरी जीव चडफडत नाही. तो न चडफडणे, तेच सम. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर एवढे छापले तरी पुरे.