तंबोरा आणि ३०० एमबी

चैतन्य ताम्हाणेचा 'द डिसायपल' मी दोनदा पाहिलाय. पहिल्यांदा २०२१ मध्ये, मित्राने पाठवलेल्या लिंकवरून उतरवलेली ३०० एमबीची फाइल. तो नेटफ्लिक्सवर होता, पण फुकट ते फुकट. पाहून झाल्यावर ग्रुपवर लिहिलं, 'संथ आहे, झोप आली.' हे मत मी तीन वर्षं मिरवलं.

सिनेमात शरद रात्री रिकाम्या मुंबईतून मोटरसायकल चालवतो. कानात माईंची व्याख्यानं (आवाज सुमित्रा भावेंचा), मागे तंबोरा. घडत काहीच नाही. जे आहे ते अंधाराच्या छटांत आणि तंबोऱ्याच्या घुमण्यात. फाइल अशी पिळली की नेमकं हेच आधी जातं. जवळपास सारख्या काळ्या छटा एकाच ठोकळ्यात कोंबल्या जातात, तारांतून उमटणारे बारीक स्वर गायब होतात. माझ्या फाइलीत रस्त्यावर चौकोन नाचत होते आणि तंबोरा जुन्या फ्रीजसारखा गुरगुरत होता. झोप येणारच! मी सिनेमावर नाही, त्याच्या सांगाड्यावर मत दिलं होतं.

अधिकृत स्ट्रीमिंगमध्येही काटछाट असतेच. पण तिथे काही सेकंदांचे तुकडे वेगवेगळ्या दर्जांत तयार असतात, नेट सुधारलं की पुढचा तुकडा चांगला येतो. तरी फोन वाइडवाइन एल३ वाला असेल तर मोठ्या प्लॅटफॉर्मवर पैसे भरूनही बहुधा एचडी मिळत नाही. म्हणजे शिक्षा पैसे भरणाऱ्यालाच.

त्या लिंकने आधी एक 'प्लेअर' एपीके टाकायला सांगितलं होतं, आणि त्याला एसएमएस वाचायची परवानगी हवी होती. सिनेमा दाखवायला ओटीपी कशाला लागतो? मी टाकलं नाही. मित्राने टाकलं, मग त्याला फोन फॉरमॅट करावा लागला. १९५७ चा कॉपीराइट कायदा आम्हा दोघांनाही तेव्हा आठवला नव्हता.

दुसऱ्यांदा नीट पाहताना वेगळंच टोचलं. शरदच्या कानातल्या माईसुद्धा टेपच आहेत, मोजक्या लोकांच्या हाती असलेल्या. तो पोटासाठीही जुनी रेकॉर्डिंग्ज डिजिटल करतो. आपल्याकडचं कितीतरी गाणं अशा खाजगी टेपांमुळेच टिकलं. मग संग्राहक आणि मी, फरक काय? त्याने जपलं ते दुसरीकडे कुठे मिळत नव्हतं. मी उचललं ते एका सबस्क्रिप्शनवर होतं. इथपर्यंत मी गुन्हेगार, मान्य. पण सबस्क्रिप्शन म्हणजे मालकी नव्हे. उद्या परवाना संपून सिनेमा तिथून उतरला, तर पैसे भरलेल्या माझ्याकडे त्याची एक फ्रेमही उरत नाही.

ती ३०० एमबीची फाइल मी डिलीट केली. करताना थोडा वेळ लागला.