‘बरं हाय’ या उत्तराचे काय करावे?

निर्वासित स्त्रियांच्या मनःस्वास्थ्याविषयी अलीकडे बरेच संशोधन होते. ते वाचताना मला इंदापूर तालुका आठवतो. निर्वासित म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे 1949 साली उल्हासनगर झालेली कल्याणची छावणी येते. उजनीच्या पाण्याखाली गाव गेलेल्या बाईला तो शब्द कोणी लावत नाही. तिने सरहद्द ओलांडलेली नसते, ती नुसती धरणग्रस्त. पण 1980 साली धरण पुरे झाले तेव्हा उंबरा, विहीर आणि शेजार तिचाही गेलाच. पळसदेवचे जुने देऊळ पाणी फार उतरले की वर येते. लोक फोटो काढायला जातात.

अशा बाईला विचारावे तरी काय? जागतिक आरोग्य संघटनेची वीस प्रश्नांची एक यादी देशोदेशी वापरतात. गेल्या तीस दिवसांत डोके दुखते का, झोप लागते का, नेहमीपेक्षा रडू येते का. उत्तर हो किंवा नाही. यादी टाकाऊ मुळीच नाही, थोडक्या वेळात पुष्कळ घरे गाठता येतात. परंतु आमच्याकडची बाई ‘मी उदास आहे’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘करमत नाही’. हा आजार, गावाची ओढ, की नुसती रिकामी दुपार? तिच्याजवळ चार दिवस बसल्याखेरीज मराठी माणसालाही ते कळायचे नाही. आणि तीस दिवस कोणते? तिची झोप देऊळ वर येते त्या दिवसांत उडत असेल, तर श्रावणात झालेल्या पाहणीत ती धडधाकटच ठरायची.

शिवाय कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे तिच्या लेखी मोजणी आणि मोबदला. बोलल्याने काही मिळेल, की असलेले जाईल, हा हिशेब आधी होतो. ती लबाडी नव्हे, अनुभव आहे. त्यात सून चुलीशी, मुलगा दाराशी. फाळणीतल्या स्त्रियांना बोलते करणाऱ्या उर्वशी बुटालिया यांच्या ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ (1998) या पुस्तकाचे मोल मला इथे वाटते. मौनाची दखल त्याच्या नावातच आहे. आम्ही कादंबरीकार मात्र अशा बाईच्या तोंडी दोन पाने आक्रोश घालतो. तिचे ‘बरं हाय’ आम्हांला छापण्याजोगे वाटत नाही.

त्या विसांत एक प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा आहे. ती ‘हो’ म्हणाली, तर पुढे? एस.टी.ने बारामतीला, की थेट पुण्याला? कोणाकडे? सोबत कोण, आणि भाडे कोण देणार? हे ठरल्याशिवाय तो प्रश्न घेऊन मी तरी तिच्या दारात जाणार नाही.