आठव्या पिढीची अट

परीक्षण लिहिणाऱ्याने नाटक निदान एकदा तरी पाहिलेलं असावं, अशी लोकांची भाबडी समजूत आहे. अस्मादिक तीही पाळायला तयार होते. तिकीट फुकट होतं, रविवार होता, घरात कॉम्प्युटर होता. पण दारावरच्यानेच आत सोडलं नाही. तेव्हा ‘विंडोज ११’ या प्रयोगाचं हे परीक्षण बरंचसं दारात उभं राहून लिहिलेलं आहे, हे वाचकांनी समजून घ्यावं.

आमचा कॉम्प्युटर २०१६ सालचा. बँकेतून फेस्टिव्हल अ‍ॅडव्हान्स काढून घेतलेला आणि दहा हप्त्यांत फेडलेला. आत इंटेलचा आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा. त्याच्यावर खरी वहिवाट अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. वय अठ्ठ्याहत्तर. सोसायटीचा जमाखर्च, पेन्शन जमा झाली की नाही हे पाहणं आणि दुपारी पत्त्यांचा डाव, सगळं त्याच्यावरच. मध्यंतरी यंत्र इतकं सुस्तावलं होतं, की अण्णा बटण दाबून आंघोळीला जात आणि अंग पुसून आले तरी पडद्यावरची टिंबं गोल गोल फिरतच असत. चिरंजीवांनी जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, चार जीबी रॅमची आठ केली, आणि यंत्राला असं काही बाळसं आलं की काय सांगू! हल्ली ते इतक्या लवकर सुरू होतं, की अण्णांना पारोसंच बसावं लागतं.

असं सगळं सुरळीत असताना विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संपली म्हणजे यंत्र बंद पडलं नाही, सुरक्षिततेच्या दुरुस्त्या यायच्या थांबल्या. चाळीचा गुरखा नोकरी सोडून गेला असं समजा. खोल्या त्याच, कुलपंही तीच. फक्त रात्री काठी आपटत फिरणारं कोणी नाही. अण्णांची पेन्शन त्या चाळीत राहते. म्हणून विंडोज ११ च्या दारात जाणं आलं.

दारावर पहिली विचारणा झाली ती ‘टीपीएम २.०’ ची. आमच्या लॉकरला दोन किल्ल्या असतात, एक गिऱ्हाइकाची, एक बँकेची. टीपीएम ही साधारण यंत्राच्या पोटातली बँकेची किल्ली. गुप्त चाव्या ती स्वतःकडे ठेवते. कोणी नुसती डिस्क उपटून नेली तर त्याच्या हाती कुलूपबंद पेटी लागते. कल्पना चांगली आहे. बँकेत पंचवीस वर्षं काढलेला माणूस तिला नावं ठेवणार नाही. आमच्या यंत्रात ती नाही असं सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ती होती, झोपलेली होती. बायोसमध्ये ‘पीटीटी’ नावाचा खटका चालू केल्यावर जागी झाली. पुढे सिक्युअर बूट. त्यासाठी डिस्कची मांडणी जुन्या पद्धतीवरून नव्यावर आणावी लागली. ते चालू असताना ही दोनदा येऊन म्हणाली, “अहो, अण्णांचा जमाखर्च उडवू नका म्हणजे मिळवली.” उडाला नाही. दोन्ही अटींपुढे हिरव्या खुणा आल्या.

आणि तिसरीपुढे लाल. प्रोसेसर मान्य नाही. इंटेलचा असेल तर साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा हवा.

इथे संविधानक ढासळतं. कागदोपत्री किमान गरज काय, तर एक गिगाहर्ट्‌झ, दोन कोअर, चार जीबी रॅम. आमच्या यंत्राकडे हे सारं दुपटीहून अधिक किंवा दुप्पट. उंची, वजन, छाती, सगळ्यांत पास. आडवी आली ती जन्मतारीख. बरं, नियम तो नियम म्हणावं, तर सातव्या पिढीतल्या ७८२०एचक्यू या एका प्रोसेसरला २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रवेश मिळाला, तोही निवडक यंत्रांतच. त्या निवडकांत मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं सर्फेस स्टुडिओ २ होतं. मॅनेजमेंट कोटा आम्ही उगीच आपलाच शोध समजत होतो!

कंपनीने कारण दिलं होतं. चाचणीत, अटी न पुरवणाऱ्या यंत्रांवर ५२ टक्के जास्त मोडतोड झाली आणि अटी पुरवणाऱ्यांचा अनुभव ९९.८ टक्के निर्विघ्न होता. ५२ टक्के ऐकून कोणीही दचकेल. पण मी बी.कॉम. आहे, टक्के दिसले की कशाचे, हे विचारायची खोड आहे. दोन्ही आकडे एकाच मापाचे धरले, तर ०.२ वर ५२ टक्के म्हणजे ०.३. जुनी यंत्रं ९९.७ टक्के निर्विघ्न! एवढ्या फरकासाठी आमच्या शाखेत कोणी चष्मासुद्धा पुसणार नाही.

नाटक शेवटी चिरंजीवांच्या लॅपटॉपवर पाहिलं. नेपथ्य सुरेख आहे. खिडक्यांचे कोपरे गोल केलेत, स्टार्टचं बटण डावीकडून मधे आणलंय (ते परत डावीकडे नेता येतं, ही दिग्दर्शकाची कृपा). राइट क्लिक केलं की अर्धीच यादी येते आणि उरलेली पाहायला ‘आणखी पर्याय’ असं पुन्हा दाबावं लागतं. यात पाहण्यासारखं पुष्कळ आहे; अण्णांना लागेल असं मला काही सापडलं नाही. त्यांना हवा तो फक्त गुरखा.

“बाबा, मागच्या दाराने घुसवता येतं,” चिरंजीव म्हणाले. येतं खरं. पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याची हमी नाही, असं कंपनीच सांगते. गुरखा हवा म्हणून ज्या चाळीत जायचं, तिथे तो आपल्याच दाराशी थांबेल याची खात्री नाही, मग जायचं कशाला? त्यापेक्षा विंडोज १० वरच वर्षाची वाढीव मुदत घेतली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. तीस डॉलर भरा, हजार रिवॉर्ड पॉइंट द्या, नाहीतर सेटिंग्ज त्यांच्या खात्यात ठेवा. आम्ही तिसरं केलं. त्यानंतरसाठी चिरंजीवांनी लिनक्स मिंट पेनड्राइव्हवर आणून ठेवलंय. ते जन्मतारीख विचारत नाही. पत्त्यांचा डाव अण्णांनी त्यावर खेळून पाहिला. “पत्ते जरा लहान आहेत, पण वाटप प्रामाणिक आहे,” म्हणाले.

ही सगळी टीका नोव्हेंबरच्या आत छापली गेली असती, तर मी छाती काढून फिरलो असतो. पण नोव्हेंबर आला आणि अण्णा हयातीच्या दाखल्यासाठी आमच्या शाखेत आले. काउंटरवर मीच. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं खडू झिजवला; खडूबरोबर अंगठाही झिजला. यंत्रावर ठेवला, जुळला नाही. धोतराला पुसून ठेवला, नाही. दुसऱ्या हाताचा, तोही नाही. मागे रांग वाढत होती. दर वर्षी पाच-पन्नास म्हाताऱ्यांना सांगतो ते वाक्य माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, “यंत्र घेत नाही हो.”

अण्णांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“कितवी पिढी लागते रे?”

मी खणातून कागदी फॉर्म काढला, अण्णांना स्टुलावर बसवलं आणि साहेबांच्या सहीसाठी आत गेलो.