ललिता पवारांचा डोळा

चेहरा हें नटाचें मुख्य साधन. त्या साधनांतच कायमचें वैगुण्य आलें, तर त्याच्या कलेची परीक्षा कोणत्या कसोटीनें करावी, हा प्रश्न ललिता पवार यांच्या चित्रपटांनीं आपल्यापुढें ठेविला आहे. त्यांच्याविषयीं रूढ झालेलें मत असें कीं, आकसलेल्या डाव्या डोळ्यानेंच त्यांना पडद्यावरची खाष्ट सासू बनविलें. हें मत सोपें आहे. म्हणूनच तें तपासून पाहिलें पाहिजे.

येवल्यास १९१६ सालीं जन्मलेल्या ललिताबाई मूकपटांच्या काळांतच पडद्यावर आल्या. भालजी पेंढारकरांचा ‘नेताजी पालकर’ (१९३९) निघाला त्या सुमारास नायिका म्हणून त्यांचें नांव झालें होतें. १९४२ सालीं एका चित्रीकरणांत मास्टर भगवान यांची प्रसंगानुसार मारावयाची चपराक नकळत फार जोराची बसली. चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली. उपचारांनीं ती पुष्कळशी सावरली. परंतु डावा डोळा आकसला तो आकसलाच, आणि नायिकेचीं कामें संपलीं.

आयुर्वेद ज्याला अर्दित म्हणतो, त्या विकारांत बहुधा चेहऱ्याचे स्नायू हलविणारा सातवा मज्जातंतु दुखावलेला असतो. तो पुन्हां वाढूं लागला म्हणजे त्याचे धागे कित्येकदां भलत्याच स्नायूंकडे जातात. मग ओठांनीं हंसूं गेलें कीं डोळाहि मिटूं लागतो. १९९० नंतर प्रचारांत आलेल्या फंक्शनल एम. आर. आय. ह्या पद्धतीनें, रक्तांतील प्राणवायूच्या चढउतारावरून, मेंदूचा कोणता भाग काम करीत आहे हें पाहतां येऊं लागलें. अशा रोग्यांत मूळ दुखापत मज्जातंतूची असली, तरी मेंदूचा व्यापारहि बदलतो, आणि बरें होतांना तो नवी घडी बसवितो, असें त्यांत आढळलें. म्हणूनच आज अशा रोग्यांकडून आरशासमोर लहान व सावकाश हालचालींचा अभ्यास करवितात. जोरजोरानें तोंड वेडेंवांकडें करण्याचा नव्हे. तात्पर्य, बरें होणें म्हणजे पूर्वींचा चेहरा परत मिळणें एवढेंच नव्हे. उरलेल्या चेहऱ्यावर नवी सत्ता मिळविणें हेंहि बरें होणेंच आहे.

१९४२ सालीं असें यंत्र नव्हतें. परंतु त्यानंतरचे चित्रपट आपल्यापुढें आहेत. हृषीकेश मुकर्जींच्या ‘अनाडी’ (१९५९) मधील मिसेस डिसा पाहा. तोंडानें फटकळ, पण आंतून भाडेकरू तरुणावर पोटच्या मुलासारखी माया करणारी ही घरमालकीण. डोळा तोच, परंतु येथें त्यांतून वात्सल्य दिसतें. ह्या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळालें. ‘श्री ४२०’ (१९५५) मधील केळीं विकणारी गंगामाई हीहि त्याच जातीची. दूरदर्शनवरील ‘रामायण’ मालिकेंत (१९८७) त्याच डोळ्यानें मंथरेचें कपट दाखविलें. क्रौर्य जर डोळ्यांत असतें, तर मिसेस डिसा संभवलीच नसती. डोळा आकसलेलाच राहिला. त्याला अर्थ दिला तो वाणीनें, मानेच्या वळणानें आणि विरामाच्या अचूक जाणिवेनें.

दोष द्यावयाचा तर तो निर्मात्यांना, आणि आपणां प्रेक्षकांनाहि. बाईंच्या कित्येक भूमिकांत दिग्दर्शकांनीं तो डोळा दाखविला कीं आपलें काम झालें असें मानिलें, आणि आपणहि तेवढ्यावर तृप्त झालों. शारीरिक व्यंग ही दुष्टपणाची खूण मानण्याची आपल्या रंगभूमीची व चित्रपटांची संवय जुनी आहे. तिचे परिणाम चित्रगृहाबाहेरहि भोगावे लागतात. बोदवडसारख्या गांवीं एखाद्या मुलीचें तोंड वांकडें झालें कीं ‘वारें गेलें’ म्हणून हळहळतात, आणि मग तिला चारचौघांत आणण्यास घरचींच माणसें कचरतात. वस्तुत: आपोआप उद्भवणाऱ्या ह्या विकारांतून बहुसंख्य रोगी बरे होतात, आणि पहिल्या ७२ तासांत योग्य औषध सुरू झाल्यास ती शक्यता वाढते. लपविण्यांत नेमका हाच मोलाचा वेळ जातो.

ललिता पवार १९९८ सालीं निवर्तल्या. आकसलेल्या डोळ्यानें त्यांना मोठें केलें असें म्हणणें म्हणजे त्यांची कला त्या चपराकीच्या नांवावर जमा करणें होय. त्यांचा मोठेपणा याच्या उलट आहे: ज्या डोळ्यांत लोकांना एकच अर्थ दिसत होता, त्यांत त्यांनीं दुसरा अर्थ आणून दाखविला.