मोडाची मटकी आणि बाळाचा मेंदू: दावा कसा तपासायचा?

"गरोदरपणात मोड आलेली कडधान्यं खा, बाळ हुशार होतं", हा सल्ला आपल्या बीडमध्ये तुम्हीही ऐकला असेल. पेट परीक्षेची तयारी करताय ना? मग या वाक्याचे तीन तुकडे करून बघू.

पहिला तुकडा, मोडात काय असतं. कडधान्य भिजवून मोड आणले की फायटेट घटतं, लोह शोषायला सोपं जातं, फोलेट आणि क जीवनसत्त्व वाढतं. इथपर्यंत दावा ठीक.

दुसरा, फोलेट आणि मज्जासंस्था. १९९१ च्या ब्रिटिश चाचणीत, आधीच्या बाळाला न्यूरल ट्यूबचा दोष असलेल्या स्त्रियांना रोज ४ मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड दिलं. दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. पुरावा भक्कम, पण तो गोळीचा आहे, मटकीचा नाही. शिवाय ही नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांतच बंद होते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं.

तिसरा, 'हुशार'. इथं पुण्याचा अभ्यास वाचाच. के.ई.एम. रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटानं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि मुलांचा पाठपुरावा केला. २००८ च्या शोधनिबंधानुसार, गरोदरपणी बी-१२ खूप कमी असलेल्या मातांची मुलं नवव्या वर्षी अवधान आणि अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत मागे होती. बुद्धिमत्तेच्या चाचणीत मात्र फरक नव्हता. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यातही तुलना बी-१२ च्या दोन टोकांच्या गटांची. म्हणून 'संबंध दिसला' म्हणा, 'कारण सापडलं' म्हणू नका.

आता गंमत बघा. मोडात बी-१२ जवळपास नसतंच. ते दूध, अंडी, मांसमासे यांतून मिळतं. म्हणजे फक्त मोडांवर विसंबलेली आई नेमकी याच बाबतीत उपाशी राहते.

बीडमध्ये अभ्यास करायचा झाला तर आणखी एक पेच आहे. मोड आणायला घर, पाणी आणि निवांतपणा लागतो. हंगामात कोपीत राहून ऊस तोडणाऱ्या बाईकडे यातलं काय असतं? मोड खाणाऱ्या आईचं मूल पुढे दिसलं, तर ते मोडामुळं की तिच्या बऱ्या परिस्थितीमुळं? हे वेगळं केलं नाही, तर आकडे बरोबर येऊनही निष्कर्ष चुकतो, आणि कष्टानं थकलेल्या बाईलाच वर दोष लागतो.

मटकी खाऊ द्या, गरोदरपणी शिजवूनच. पण शोधनिबंध हातात आला की आधी विचारा: काय दिलं, कधी दिलं, काय मोजलं, आणि तुलना कुणाशी केली?