‘डेस्परेट’ म्हणजे हताश काय? : शेक्सपिअरच्या दोन शोकांतिकांतील क्षोभवाचक शब्द

मनाच्या प्रक्षुब्ध अवस्थांचे वर्णन करणारे शब्द इंग्रजी भाषेत विपुल आहेत. ‘डेस्परेट’, ‘डिस्ट्रॉट’, ‘फ्रँटिक’, ‘हिस्टेरिकल’ हे त्यांपैकी नित्य आढळणारे होत. ह्या शब्दांत भेद असलाच तर तो तीव्रतेच्या मात्रेचा, अशा समजुतीने आपल्याकडील नाट्यविवेचनात त्यांची वासलात ‘भावविवश’, ‘हताश’ किंवा ‘वेडापिसा’ ह्या दोन-तीन शब्दांत लावली जाते. ही समजूत शेक्सपिअरच्या शोकांतिकांपुरती तरी टिकण्यासारखी नाही. ह्यांतील प्रत्येक शब्दात क्षोभाच्या स्वरूपाविषयीची एक स्वतंत्र कल्पना दडलेली आहे, आणि ती हरवली की पात्राचे कृत्यच दुर्बोध होऊन बसते.

प्रथम ‘डेस्परेट’ घेऊ. ह्याचे मूळ आशा सोडणे ह्या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. तेव्हा व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘हताश’ हा प्रतिशब्द बिनचूक ठरतो. परंतु व्युत्पत्ती जुळली म्हणून अर्थ जुळतोच असे नाही. मराठीतील हताश मनुष्य हातपाय गाळून बसतो. इंग्रजीतील ‘डेस्परेट’ मनुष्य नेमका ह्याच क्षणी हात उगारतो. आशा संपल्यामुळे भीतीही संपते आणि तो जिवावर उदार होतो. बेगुमान गुन्हेगारासाठी रूढ झालेला ‘डेस्परॅडो’ हा इंग्रजी शब्द ह्याच अर्थच्छटेतून निघालेला आहे. ह्या शब्दाला धर्माचीही एक बाजू आहे. ईश्वरी कृपेविषयी निराश होणे हे ख्रिस्ती धर्मविचारात घोर पातक गणले जाई. स्पेन्सरच्या ‘द फेअरी क्वीन’ ह्या काव्याच्या १५९० साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात निराशा ही एक व्यक्ती होऊन अवतरते आणि नायकाला आत्महत्येकडे वळवू पाहते, ती ह्याच विचारामुळे.

हे ध्यानी ठेवून ‘रोमिओ अँड ज्यूलिएट’ वाचावे. तिसऱ्या अंकात हद्दपारीच्या शिक्षेने खचलेला रोमिओ स्वतःवरच शस्त्र उगारतो. त्याला आवरताना फ्रायर लॉरेन्स त्याच्या हाताला हे विशेषण लावतो, मनाला नव्हे. ही गोष्ट मला अर्थपूर्ण वाटते. चौथ्या अंकात ज्यूलिएट मरणाला सिद्ध झालेली पाहून त्याच लॉरेन्सला एक आशा दिसते. पॅरिसशी होणारा विवाह टाळण्यासाठी जी मरावयास तयार आहे, ती मरणासारखे दिसणारे काही करावयासही तयार होईल, असा त्याचा तर्क आहे. संकट आणि त्यावरील उपाय ह्या दोहोंना तो ‘डेस्परेट’ हेच विशेषण योजतो. ज्याच्या मुळाशी आशेचा अभाव आहे तो शब्द आशेच्याच शेजारी येऊन बसला आहे. येथे ‘हताश उपाय’ असे भाषांतर केल्यास वाक्य निरर्थक होईल. ‘निर्वाणीचा उपाय’ म्हटले तर निदान कृतीचे अंग तरी राखले जाते. पुढे पाचव्या अंकात थडग्यापाशी रोमिओ पॅरिसला दूर होण्यास विनवितो, तेव्हा तो हाच शब्द स्वतःला लावून घेतो. ही करुणेची याचना नव्हे, इशारा आहे. पॅरिस तो मानत नाही आणि प्राणास मुकतो.

ज्यूलिएटच्या मुखी मात्र दुसरा शब्द येतो. औषध घेण्यापूर्वी तिला भीती वाटते ती आपण ‘डिस्ट्रॉट’ होऊ ही. भिन्न दिशांनी ओढले जाणे, असा ह्या शब्दाचा मूळ भाव. आपले ‘सैरभैर’ त्याच्या जवळ जाते. पण सैरभैर मन आपण होऊन भटकते, ‘डिस्ट्रॉट’ मन कोणी तरी ओढून फाडलेले असते. पूर्वजांची हाडे, टिबल्टचे रक्ताळलेले प्रेत, तळघरातील कोंडलेली हवा, ह्यांपैकी प्रत्येक गोष्ट तिला आपल्याकडे खेचते. तरीही ती पेला ओठाला लावते, आणि म्हणूनच तिचे धैर्य मला रोमिओच्या धैर्याहून वरच्या प्रतीचे वाटते. त्याच्या मनात भीती उरलेली नाही. तिच्या मनात ती पूर्ण जागी आहे. दोघांनाही ‘भावविवश’ म्हणणारा समीक्षक हा भेद सांगणार कसा?

‘फ्रँटिक’ आणि ‘हिस्टेरिकल’ हे शब्द वैद्यकातून आले. पहिल्याच्या मुळाशी ग्रीक वैद्यांनी वर्णिलेला, ज्वरासह येणारा भ्रम आहे. आज तो नुसत्या धावपळीलाही लावतात, इतका झिजला आहे. दुसऱ्याच्या मुळाशी गर्भाशय आहे. हा अवयव जागा सोडून वर चढतो आणि स्त्रीचा श्वास कोंडतो, अशी प्राचीन समजूत होती. ‘किंग लिअर’च्या दुसऱ्या अंकात आपला दूत खोड्यात अडकविलेला पाहून वृद्ध राजा ह्याच व्याधीचे नाव घेतो आणि ती आपल्या काळजाकडे चढत असल्याचे सांगून तिला खाली उतरण्याची आज्ञा करतो. ह्या नाटकासाठी शेक्सपिअरने सॅम्युअल हार्सनेटच्या १६०३ मधील ग्रंथाचा उपयोग केला होता, आणि त्या ग्रंथातही ही व्याधी एका पुरुषाच्या संदर्भात आली आहे. तथापि उगम सापडल्याने औचित्य उलगडत नाही. त्या व्याधीचे तत्कालीन इंग्रजी नाव ‘मदर’, म्हणजे आई, असे होते. ज्या नाटकात मुलींची आई कोठेच दिसत नाही, त्यात आपल्या देहात वर चढणाऱ्या ‘आई’ला राजा खाली दडपू पाहतो. येथे ‘क्रोधाचा झटका’ म्हणून भागणार नाही.

मराठीत ह्यासाठी साधन नाही असे नव्हे. नाट्यशास्त्रातील तेहतीस व्यभिचारी भावांत आवेग आणि विषाद ह्यांच्या जोडीला उन्माद व अपस्मार ह्या रोगनामांनाही स्थान आहे. ‘विकार’ हा आपला शब्द तर व्याधी आणि मनोवृत्ती हे दोन्ही अर्थ आजही वाहतो. आगरकरांनी १८८३ मध्ये ‘हॅम्लेट’च्या रूपांतराला ‘विकारविलसित’ हे नाव दिले, त्यात ह्या दोन्ही अर्थांना वाव आहे. लिअरच्या त्या ओळीसाठी भाषांतरकाराने प्रथम ह्याच शब्दाकडे वळून पाहावे. ‘आई’ मात्र त्यातही मावणार नाही.